फौजेतून परतलेल्या मुलींची नोंद कुणाकडे?

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाल्यापासून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहते. माजी सैनिक म्हटलं की आमच्याकडे साठी उलटलेले काका डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या आरोग्याचा विचारही शुगर, बीपी, मोतीबिंदू इथवरच थांबतो. पण आता फौजेतून तरुण मुलीही परतणार आहेत. नौदलाच्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत 273 मुली होत्या. मार्च 2023 मध्ये आयएनएस चिल्कावरून त्या प्रशिक्षण पूर्ण करून निघाल्या. लष्कराच्या मिलिटरी पोलिसातही अग्निवीर मुली आहेत. चार वर्षांनी चारातली एखादी कायम होईल, बाकीच्या विशी-पंचविशीत घरी येतील. लग्नं आणि पहिली बाळंतपणं त्यानंतरची.

या मुलींना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नाही. केंद्राने हा नियम बदलायलाच हवा. देशाने ऐन उमेदीची वर्षं घ्यायची आणि बाळंतपणाच्या वेळी हात वर करायचे, हे मला पटत नाही.

ज्यांच्याकडे ईसीएचएसचं कार्ड आहे, त्यांचीही वाट सोपी नाही. पॉलिक्लिनिकने पाठवायचं ते शहरातल्या रुग्णालयात. उमरखेडहून यवतमाळच शंभरेक किलोमीटर, नागपूर तर त्याहून लांब. गावात मात्र आशाताई आहे, उपकेंद्र आहे, दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची तपासणी आहे, 102 ची गाडी आहे. दोन्हीकडची माणसं राबतात, पण एकीकडचा कागद दुसरीकडे पोचत नाही. "ताई, हे कार्ड आमच्या रजिस्टरात कुठं लिहू जी?" असं एका आशाताईने मला विचारलं, तेव्हा तिला दाखवायला रकाना नव्हता.

फौजेकडच्या या कागदाला वजन आहे. फौज सोडताना रिलीज मेडिकल बोर्ड होतं. कवायतीत झालेलं स्ट्रेस फ्रॅक्चर, पाठीची दुखापत, रक्ताची कमी, सगळं त्यात असतं. पोटात बाळ असलेल्या बाईला तपासताना हे डॉक्टरसमोर नको का? शिवाय आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे. कोलाम, गोंड, परधान वस्त्यांत तो आढळतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता मूल आजारी जन्मण्याची. फौजेत सगळ्या तपासण्या झाल्यात म्हणून बाई निर्धास्त असते. नवऱ्याचं रक्त कुणी तपासलेलंच नसतं. ही तपासणी दोघांची, आणि शक्यतो लग्नाआधीच व्हावी. तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही अशीच राहून जाते, कारण गावातल्या शिबिराला वाटतं तिचं मिलिटरीत होत असेल.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने परतलेल्या प्रत्येक मुलीला विचारून, तिची संमती असेल तर तिचं नाव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावं. अग्निवीरांचीही यादी ठेवावी, दर्जा असो वा नसो. ईसीएचएसचं कार्ड असलेल्या बाईचं रुग्णालयात पाठवण्याचं पत्र आठव्या महिन्यातच तयार असावं. अडीअडचणीत योजनेबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. तो फोन तिच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राने करावा, ओल्या बाळंतिणीच्या घरच्यांनी नव्हे.