आजोबांचं पिस्तूल आणि वारसांची पंचाईत

माणूस गेल्यावर मागे काय काय उरतं? आपल्याकडे बँकेची पासबुकं, चार दागिने, गावाकडचा जमिनीचा तुकडा आणि त्यावरून होणारी भांडणं. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत मात्र आणखी एक वस्तू निघते, ती म्हणजे दुसऱ्या महायुद्धाहून आजोबांनी आणलेलं पिस्तूल. मुलाकडे ओहायोत राहायला गेलो की तिथल्या समवयस्क मंडळींशी माझ्या गप्पा होतात. त्यांतल्या एकाच्या कपाटात असं वडिलांचं पिस्तूल आहे. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात असते. "तिला कधी देणार?" असं विचारलं तर म्हणाले, "मी गेल्यावर बघतील." हे वाक्य मी आपल्याकडेही इतक्यांदा ऐकलंय, की त्या विषयात शिरल्याशिवाय राहवलं नाही. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैनिकांना शत्रूची काही शस्त्रं आठवण म्हणून घरी न्यायची मुभा होती. युरोपातून जर्मन ल्युगर आणि वाल्थर पी-३८ आली, पॅसिफिकमधून जपानी नाम्बू. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा एक कागद मिळे, त्याला आज 'कॅप्चर पेपर' म्हणतात. अनेकांनी अर्थात कागदाबिगदाच्या भानगडीत न पडता पिस्तूल सरळ सामानात कोंबून आणलं. त्या वेळी अठरा वर्षांचा असलेला पोरगाही आता शंभरीला टेकलाय. म्हणजे ही पिस्तुलं आता मुलांकडून नातवंडांकडे जायला निघाली आहेत, आणि ही नातवंडं पन्नास राज्यांत पांगलेली आहेत.

आपल्याला वाटतं, अमेरिकेत काय, बंदुका भाजीसारख्या मिळतात! तसं नाही. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार एका राज्यातला सामान्य नागरिक दुसऱ्या राज्यातल्या नागरिकाला पिस्तूल थेट विकू शकत नाही, आणि भेटही देऊ शकत नाही. बापाने लेकीला द्यायचं म्हटलं तरी ते तिच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत जावं लागतं. तिथे तिने फॉर्म भरायचा, तिची पार्श्वभूमी तपासली जाणार, मगच ते तिच्या हातात पडणार. पण हेच पिस्तूल बापाच्या मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलं, तर केंद्रीय कायदा विक्रेत्याची ही अट घालत नाही. तिला कायद्याने शस्त्र बाळगता येत असलं आणि तिच्या राज्यात ते चालत असलं की झालं.

थोडक्यात, जिवंत बापापेक्षा मेलेल्या बापाकडून पिस्तूल घेणं सोपं! मग लोक "मी गेल्यावर बघतील" म्हणतात यात नवल नाही. पण खरी मेख पुढेच आहे.

ही सवलत फक्त वारसाला आहे. समजा पिस्तूल भावाच्या वाट्याला आलं आणि वर्षाने त्याने ते परराज्यातल्या बहिणीला देऊन टाकलं, तर तो साधा व्यवहार झाला. पुन्हा विक्रेता आणि फॉर्म आलेच. "बाबा तोंडी म्हणाले होते" याला कायद्यात किंमत नाही. शिवाय केंद्राची सवलत राज्याला बांधत नाही. कॅलिफोर्नियात वारसाने सुरक्षिततेची लेखी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं आणि तीस दिवसांत राज्याच्या न्याय विभागाला कळवायचं. न्यूयॉर्कमध्ये तर घरात पिस्तूल ठेवायलाही आधी परवाना हवा. ओहायोत असलं काही लागत नाही. म्हणजे सुतकात असलेली लेक बापाचं सामान गाडीत घालून निघाली, तर एका राज्यात ती निर्दोष आणि सीमा ओलांडली की गुन्हेगार ठरू शकते. प्रवासातही पिस्तूल रिकामं करून, हाताशी न ठेवता, डिकीत कुलूपबंद न्यायचं, आणि निघतो तिथे व पोचतो तिथे दोन्हीकडे ते बाळगण्याचा हक्क हवा, तरच १९८६ च्या कायद्याचं संरक्षण मिळतं.

त्याच १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदुकांची देशव्यापी नोंदवही करायला मनाई केली आहे. त्यामुळे "आजोबांच्या पिस्तुलाची नोंद कुठे करू?" या प्रश्नाला बहुतेक राज्यांत "कुठेच नाही" हेच उत्तर आहे, आणि काही राज्यांत नोंद सक्तीची आहे. मशीनगनचा मामला वेगळा. तिची नोंद १९३४ च्या कायद्यापासून लागते आणि राहून गेलेल्यांसाठी १९६८ च्या नोव्हेंबरात महिनाभर माफीची मुदत दिली होती. तेव्हा नोंद न झालेली मशीनगन पोटमाळ्यावर सापडली तर आज ती कुठल्याच फॉर्मवर कायदेशीर होत नाही. वकिलाच्या सल्ल्याने ती सरकारजमा करणं एवढंच हातात उरतं. कॅप्चर पेपर असला तरीही! तो कागद म्हणजे परवाना नव्हे. वस्तू कुठून आली एवढंच तो सांगतो.

पण तेवढं सांगणं काही थोडं नाही. ल्युगरच्या सुट्या भागांवरही आकडे कोरलेले असतात. ते सगळे जुळले, सोबत कॅप्चर पेपर आणि मूळ चामडी म्यान असलं, तर संग्राहक जास्त पैसे मोजतात. मला पैशांपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते पिस्तूल कोणा जर्मन पोराच्या कमरेचं होतं. तो शरण आला की मेला, हे आणणाऱ्याला ठाऊक होतं. नातवापर्यंत ते पोचलं नाही तर उरतं काय? लोखंड, आणि ते गोळी झाडू शकणारं लोखंड आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचं म्हणून ते खेळणं होत नाही. सोबत काडतुसं असली आणि घरात लहान मूल असलं तर पुढचं सांगायला नको.

आपल्याकडे कायदा उलट्या टोकाला आहे. परवान्याशिवाय काहीच नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे माणशी दोनच शस्त्रं. ल्युगरसारखं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल तर सामान्य नागरिकाला प्रतिबंधितच. पण २०१६ च्या शस्त्र नियमांतली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाला परवाना मिळावा म्हणून अर्ज करता येतो. मरेपर्यंत थांबायची गरज नाही. सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला सरकार जणू सांगतंय, मास्तर, आवरायला घ्या.

जाता जाता तिथल्या आपल्या मुलांसाठी एक सूचना. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर तिथे बंदूक बाळगताच येत नाही. शेजारच्या आजोबांनी कितीही प्रेमाने "ठेव तुला" म्हटलं तरी हात जोडून नाही म्हणावं.

पन्नास राज्यांचे पन्नास नियम हा सरळमार्गी माणसाला जाच आहे, ही तिथल्या लोकांची तक्रार मला पटते. पण त्यावर उपाय म्हणून गप्प बसणं मला पटत नाही. गप्प बसण्याची किंमत म्हातारा भरत नाही, ती त्याच्या मागे राहिलेल्यांना भरावी लागते. मृत्युपत्रात एक ओळ लिहावी: कोणतं पिस्तूल, कोणता नंबर, कोणाला. त्याआधी त्या मुलाला विचारावं, तुला हवंय का? नको असेल तर हयातीतच रीतसर विकावं, संग्रहालयाला विचारावं, नाहीतर पोलिसांकडे द्यावं. आणि सोबत दोन पानं स्वतःच्या हाताने लिहावीत, हे कुठून आलं, कसं आलं. ती दोन पानं कुठल्याही राज्याच्या सीमेवर अडत नाहीत, आणि त्यांना परवानाही लागत नाही.