बायकांची जिम की सगळ्यांची?

आपल्या सीमाभागातल्या घरांत एक वाक्य दोन भाषांत ऐकू येतं. मराठीत "लोक काय म्हणतील?" आणि कन्नडात "मंदी एन् अंतार?" तिकडे वऱ्हाडाच्या टोकाला गेलात तर तेच वाक्य "लोकं काय म्हनतीन?" असं कानावर पडतं. भाषा बदलली, राज्य बदललं, तरी वाक्य काही बदलत नाही, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईलाच ऐकवलं जातं.

या वाक्याची आठवण व्हायला कारण घडलं ते तिगावहून आलेल्या एका फोनचं. आमच्या कॉलेजातली एक जुनी विद्यार्थिनी सध्या तिथं राहते. आई कन्नड, वडील मराठी. म्हणजे आपल्यापैकी कुणाच्याही घरात शोभेल अशी मुलगी. नवरा रेल्वेत, त्यामुळे बदली होईल तिथं बिऱ्हाड. नागपूरहून इटारसीकडे जाताना पांढुर्णा ओलांडलं की हे तिगाव लागतं. संत्र्यांचा मुलूख, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची पाठ आणि गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर वजन उचलण्याचा व्यायाम सांगितला. तिनं पांढुर्ण्याला दोन जागा पाहून ठेवल्या. एकीकडे फक्त बायकांसाठी दुपारचे दोन तास, पण नेमकी तीच मुलांची शाळा सुटायची वेळ. दुसरीकडे सकाळी लवकर जाता येतं, पण तिथं पुरुषही असतात. सासूबाई म्हणाल्या, "जायचं तर बायकांच्यात जा, नाहीतर घरीच बस." आणि ती मला विचारत होती, "मॅडम, तुम्ही कुठं गेला असता?"

हा प्रश्न एकट्या तिगावचा नाही. तो निपाणीचा आहे, जतचा आहे, अक्कलकोटचा आहे. तसं तिगावचं आणि आपलं एक जुनं नातंही आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. त्या एकाच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि पांढुर्णा-सौसरचा मराठी पट्टा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी, हे तिथल्या माणसांना आपल्याइतकंच ठाऊक आहे.

आता मूळ मुद्दा. बाईनं व्यायाम कुठं आणि कुणाबरोबर करावा, हा प्रश्न जिम आल्यावर निर्माण झाला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आपली तालीम काय किंवा कन्नड मुलखातली गरडी मने काय, लाल माती, भिंतीशी मारुती आणि लंगोट लावलेली पोरं, असंच तिचं रूप. बाईनं तिचा उंबरा ओलांडायचा नाही, हा अलिखित नियम. मारुती ब्रह्मचारी, हे त्याचं कारण सांगितलं जाई. गंमत अशी की सौसरजवळच्या जामसावळीला याच मारुतीच्या दर्शनाला बायका रांगेत उभ्या राहतात. देवाला बायका चालतात, अडचण होती ती माणसांना.

पण या नियमालाही अपवाद होते. झाशीच्या राणीला व्यायामाची किती आवड होती, याचं वर्णन गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये सापडतं. मनूचं बालपण गेलं बिठूरला, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला. मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर याच बाजीरावाच्या पदरचे. मल्लस्तंभाचा उल्लेख तर त्याही आधी, बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात आहे, आणि तो लिहिणारा तिसरा सोमेश्वर म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. कानडी मुलखातल्या राजाच्या ग्रंथात आलेला, मराठी तालमीत वाढलेला हा व्यायाम २०१३ साली मध्य प्रदेशानं आपला राज्य क्रीडाप्रकार म्हणून जाहीर केला. आज दोराच्या मल्लखांबावर मुली ज्या सहजतेनं आसनं करतात ती पाहिली की बायकांना हे झेपत नाही असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

वेगळं की एकत्र, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मराठी समाजानं स्वातंत्र्याआधीच देऊन पाहिली आहेत. १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती सुरू केली. मुलींनी लाठी फिरवावी, कवायत करावी, पण ती स्वतःच्या मैदानावर, स्त्रियांच्याच देखरेखीखाली, ही तिथली रीत. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली तेव्हा एस. एम. जोशींसारख्या मंडळींनी दुसरी वाट धरली. मुलं-मुली एकाच शाखेत, एकाच शिबिरात, एकाच कलापथकात. दोन्ही संघटनांचे विचार एकमेकांपासून फार लांबचे. पण ज्या घरांतून मुली परकरात अंगणाबाहेर जात नव्हत्या, तिथून त्यांना मैदानावर दोघांनीही आणलं. एकीनं घरच्यांना विश्वास देऊन आणलं, दुसऱ्यानं मुलामुलींना एकमेकांची सवय लावून.

तिगावपासून फार लांब नसलेल्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा सुरू केली. तिचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं केली. मारुतीचं नाव लावणाऱ्या या संस्थेच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात आज मुलं आणि मुली दोघंही शिकतात. इकडे आपल्या शेजारच्या सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. पुरुषांच्या महाराष्ट्र केसरीनंतर साठ वर्षांहून अधिक काळानं का होईना, पण मातीवरचा बायकांचा हक्क मान्य झाला.

"पण आम्हाला कुठं कुस्ती खेळायचीय?" असं काही मैत्रिणी म्हणतील. "घरकाम हाच व्यायाम" असंही म्हणतील. धुणं-भांडी, झाडू-पोछा यांत श्रम होतात, हे कोण नाकारील? पण रोज तेच वाकणं आणि तेच उचलणं. त्यानं शरीर थकतं, स्नायूंची ताकद मात्र हळूहळू वाढत जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं ते असं: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. आपण कुठं आहोत? 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, तर २४ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ. म्हणजे एकाच घरात सून फिक्कट आणि सासू वजनानं बेजार, असंही दिसतं. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्यानं ठिसूळ होऊ लागतात. त्यावर वजनाचा व्यायाम हा एक चांगला उपाय, पण तो चाळिशीआधी सुरू केलेला बरा. रक्त कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, हेही सांगून ठेवते.

तेव्हा जायचं हे नक्की. मग कुठं?

बायकांच्या जिमची बाजू खरी आहे. बाळंतपणानंतर सुटलेलं पोट, घामानं अंगाला चिकटलेला कुडता, बैठक मारताना होणारी फजिती. या गोष्टी पुरुषांसमोर नको वाटतात. यात लाजण्यासारखं काही नसलं तरी लाज वाटते, हेही तितकंच खरं. ज्या घरातून एरवी परवानगी मिळाली नसती तिथली बाई 'फक्त महिलांसाठी' या पाटीमुळे बाहेर पडते. शिवाय तिथं पाळी, कंबरदुखी, पाण्याची पिशवी हे सगळं मोकळेपणानं बोलता येतं. मात्र अशा जागेत एक खोट पुष्कळदा दिसते. बायकांना काय लागतं हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. दोन सायकली, एक ट्रेडमिल, किलो-दोन किलोची गुलाबी डंबेल्स आणि 'वजन कमी करा' हा एकच मंत्र. ताकद वाढवायची म्हणणाऱ्या बाईला तिथं सामान मिळत नाही. आणि वेळा दुपारच्या, कारण सकाळ-संध्याकाळ पुरुषांसाठी राखून ठेवलेली!

मिश्र जिमची बाजूही तशीच. सामान जास्त, वेळा सोयीच्या. नवरा-बायको, बाप-लेक बरोबर जाऊ शकतात. मुलीनं पन्नास किलो उचललेलं पाहिलेला मुलगा तिच्याशी पुढे जरा वेगळ्या आदरानं बोलतो. उणी बाजू आपण सगळ्याच जाणतो. टक लावून पाहणारे डोळे, न विचारता शिकवायला येणारे 'दादा' आणि नको तिथं हात लावून शिकवणारा एखादा ट्रेनर. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या राज्य महिला आयोगानं जिममध्ये महिला ट्रेनर असाव्यात असा प्रस्ताव मांडला तेव्हा बरीच चर्चा झाली. महिला ट्रेनर हव्यातच, यात दुमत नाही. पण जिथं ती मिळत नाही तिथं बाईनं व्यायामच करू नये, असा त्याचा अर्थ होता कामा नये. लहान गावांत नेमकं हेच व्हायची भीती आहे.

म्हणून पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा आत काय आहे ते पाहावं, असं माझं मत आहे. फी भरण्याआधी एकदा जाऊन या. कपडे बदलायच्या खोलीला आतून नीट कडी आहे का, तिथं कॅमेरा नाही ना, हे बघा. बायकांच्या जिममध्येसुद्धा बघा. कपडे बदलणाऱ्या बाईचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ट्रेनरनं कुठलं प्रशिक्षण घेतलंय, हे खुशाल विचारा. "हात न लावता दाखवा" असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पहिल्याच दिवशी प्रोटीनचा डबा गळ्यात मारणाऱ्यापासून सावध राहा. वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्या-महिन्यानं भरा. घरापासूनचा रस्ता आणि रस्त्यावरचे दिवेही हिशेबात घ्या.

आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरी करणाऱ्या बाईपुरता नाही. जिम ही ट्रेनरची कामाची जागा आहे, आणि तिथं येणारी बाई नोकरीला असो वा नसो, तिला या कायद्याचं संरक्षण आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.

त्या मुलीला मी सांगितलं ते असं. ज्या जागी तू आठवड्यातून तीन दिवस, सहा महिने खरोखर जाऊ शकशील, ती जागा तुझी. दुपारी जाताना मुलांच्या शाळेची धास्ती असेल तर ती बायकांची जिम कागदावरच राहील. सकाळची मिश्र जिम सोयीची असेल तर सोबत एक मैत्रीण शोध, आणि मालकाला विचार की सकाळच्या वेळी एखादी महिला ट्रेनर ठेवता येईल का. पाच-सहा जणींनी मिळून मागितलं तर मालक ऐकतो, कारण त्यालाही फी हवीच असते. बायकांच्याच जिममध्ये जायचं ठरलं तर तिथं वेळ वाढवून माग आणि वजनंही माग. सासूबाईंना एकदा आत नेऊन दाखव. न पाहिलेल्या जागेचीच भीती जास्त असते. त्यांचेही गुडघे दुखतच असतील.

घरच्यांसाठी शेवटचं. ती सकाळी तासभर बाहेर गेली तर चहा कोण करणार, डबा कोण भरणार, धाकट्याला कोण उठवणार, हे आधी ठरवा. माझ्या पाहण्यात बायकांचा व्यायाम सुटतो तो पुरुषांच्या नजरेपेक्षा या तीन कामांमुळे जास्त. जिम बायकांची असो की सगळ्यांची, स्वयंपाकघर जोवर एकट्या बाईचंच आहे तोवर दोन्हीकडची फी वाया जाणार. तेव्हा तेवढा एक तास तिला मोकळा करून द्या. जिम कुठली, ते तिचं तिला ठरवता येईल.