सुरू होताना तीन वाटा तपासा

युनिक्स घराण्यातल्या संगणकावर कुठलाही प्रोग्राम सुरू होतो, तेव्हा तीन वाटा आपल्यासाठी उघड्याच असणार असं तो धरून चालतो. ० नंबरवरून माहिती आत येते, १ वरून निकाल बाहेर पडतो आणि २ वरून तक्रारी जातात. ही तक्रारींची वाट मागाहून आली. बेल लॅब्समध्ये १९७०च्या दशकात फोटो टाइपसेटरवर मजकूर पाठवला जाई. फोटोचा कागद धुऊन बघावा तर त्याच्यावर मजकुराऐवजी ‘फाइल उघडता येत नाही’ अशा अर्थाची ओळ, तीही सुबक टाइपात! असं काही जणांच्या बाबतीत झाल्यावर एररला वेगळी वाट मिळाली, अशी हकीकत तिथले स्टीव्ह जॉन्सन सांगतात.

पण ही वाट उघडी आहे की नाही, हे बघायचं कुणी?

नवी फाइल उघडली की तिला सर्वांत लहान मोकळा नंबर मिळतो. प्रोग्राम सुरू करणाऱ्याने २ नंबर मुद्दाम बंद ठेवला, तर प्रोग्रामने उघडलेली पहिली फाइलच २ नंबरवर येऊन बसते आणि एररचा मजकूर थेट तिच्यात उतरतो. त्या मजकुराच्या सुरुवातीला प्रोग्रामचं नाव छापायची रीत आहे. ते नावही सुरू करणारा हवं ते देऊ शकतो. प्रोग्रामकडे रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असतील तर संपलंच. २००२मध्ये युनिक्स घराण्यातल्याच फ्रीबीएसडीने जाहीर केलेली त्रुटी हीच होती. एकदाच वापरायच्या पासवर्डांची व्यवस्था लावणारा ‘कीइनिट’ हा प्रोग्राम त्यातून फोडता येत होता.

चूक सुरू करणाऱ्याची, प्रोग्रामने का निस्तरायची, असा युक्तिवाद होतो. तो लंगडा आहे. सुरू करणाराच चोर असू शकतो. ग्लिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी सुरुवातीलाच तिन्ही वाटा उघड्या आहेत का ते तपासते, पण फक्त विशेष अधिकारांच्या प्रोग्रामांसाठी. रस्ट भाषा युनिक्सवर ही तपासणी सरसकट सगळ्यांसाठी करते, आणि तेच बरोबर आहे. खर्च म्हणाल तर सुरुवातीला सिस्टीमला एखाद-दुसरा प्रश्न विचारण्याएवढा.

मात्र बंद वाटेच्या जागी रस्ट काहीही गिळणारी ‘डेव्ह-नल’ ही फाइल जोडते. निकाल तिच्यात नाहीसा होतो आणि प्रोग्राम ‘काम फत्ते’ म्हणून मोकळा! ग्लिबसी इथे जास्त हुशार. ती रिकामी जागा उलट्या परवानगीने भरते: वाचायच्या वाटेवर फक्त लिहिता येतं, लिहायच्या वाटेवर फक्त वाचता येतं. त्यामुळे वापरायला गेलं की एरर मिळतेच. रस्टने हा उलटा हिशेब उचलावा आणि ग्लिबसीने आपली तपासणी साध्या प्रोग्रामांनाही लावावी.