‘इलिटरेट’ म्हणजे नेमके कोण?

‘इलिटरसी’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘निरक्षरता’, असे आपले विद्यार्थी सहज सांगतात. परंतु हा शब्द कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने वापरला, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ पुरता हाती लागत नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. आरंभीचे ‘इल’ हे ‘इल्लीगल’ या शब्दातल्याप्रमाणे केवळ नकारदर्शक आहे. आजारी या अर्थाच्या ‘इल’शी त्याचा काही संबंध नाही. व्युत्पत्तीने पाहता हा आपल्या ‘निरक्षर’ शब्दाचा सख्खा भाऊच होय. वापरात मात्र त्याने निराळी वाट धरली. मध्ययुगीन युरोपात ज्याला लॅटिन येत नसे तो, स्वतःच्या भाषेत वाचू शकत असला तरी, ‘इलिटरेट’ गणला जाई. 18व्या शतकात इंग्लंडमधील लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांत, ग्रीक व लॅटिन न जाणणारा मनुष्य, असाच या शब्दाचा रूढ अर्थ दिला आहे. साक्षर कोण आणि निरक्षर कोण, ही सीमारेषा नेहमी शिकलेल्यांनीच आखली.

आज या शब्दाचे दोन वापर शेजारी शेजारी नांदतात. जनगणनेत तो मोजमापाचा शब्द आहे. 7 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते ती साक्षर, उरलेले निरक्षर. 2011 च्या जनगणनेनुसार भारताची साक्षरता सुमारे 73 टक्के होती. या आकड्यात कोणाच्या बुद्धीचा निवाडा नाही. दुसरा वापर सैल आहे. ‘कॉम्प्युटर इलिटरेट’, ‘फायनान्शियल इलिटरसी’ अशा प्रयोगांत अक्षर मागे पडते आणि अज्ञान तेवढे उरते. लेखनातील ढोबळ चुकीलाही इंग्रजीत ‘इलिटरसी’ म्हणतात.

या दोन अर्थांची गल्लत निरुपद्रवी नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, मिसिसिपीच्या 1890 च्या राज्यघटनेपासून, साक्षरतेच्या कसोटीचा उपयोग कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी झाला. त्या कसोट्यांना खरा पायबंद बसला तो 1965 च्या मतदान हक्क कायद्याने.

आपल्याकडेही हाच प्रश्न उभा होता. सायमन कमिशनशी सहकार्य करण्यासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1929 मध्ये स्वतंत्र इंग्रजी अहवाल सादर केला. निरक्षर मनुष्य बुद्धिहीन असतो ही समजूत चुकीची आहे आणि साक्षरतेबरोबर अधिक शहाणपण येतेच असेही नाही, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. ज्यांना शिक्षणाचे दार बंद ठेवले त्यांनाच निरक्षर म्हणून मताधिकार नाकारणे हा अन्याय होय, ही त्यामागील भूमिका. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 326 ने प्रौढ मताधिकार दिला, तोही साक्षरतेची अट न घालता. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर उमेदवारांची चिन्हे होती. अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी नागरिकांना त्यामुळे मत देता आले.

मराठीत ‘निरक्षर’ आणि ‘अडाणी’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्यच. तरीही ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हसणारे आपल्यातही आहेत. निरक्षरता दूर झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. तिच्यामुळे माणूस फसविला जातो आणि हक्कांना मुकतो. पण निरक्षरतेविरुद्ध लढणे वेगळे आणि निरक्षरांना तुच्छ लेखणे वेगळे.

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या अनेक मुलांच्या घरात वाचणारी ती पहिलीच पिढी असते. अशा विद्यार्थ्याला इंग्रजी निबंधात आपले आईवडील ‘इलिटरेट’ आहेत असे लिहावे लागले, तर त्याने ते मान खाली घालून लिहू नये. त्यांना शाळेत जाता आले नाही, एवढेच तो शब्द सांगतो. बी-बियाण्यांची पारख, ऋतुमानाची जाण, मुलाला शिकविण्याचा निर्धार यांविषयी तो काहीही सांगत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांनी शब्दार्थ देताना एवढे जरी सांगितले, तरी त्या तासाचे चीज होईल.