पासष्टावे मत

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वाडीत ६४ मते आहेत. यंदा मतदार यादीत माझे नाव आले आणि ती ६५ झाली. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे यादीतले नाव मी मोठ्या हौसेने बाबांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "नाव आलं ते बरं झालं. पण मत देऊन साकव झाला काय गो?"

मित्रहो, या एका प्रश्नाने हा लेख लिहायला लावला आहे. राज्यशास्त्राच्या तासाला "मतदान का करावे?" याचे उत्तर पाच मुद्द्यांत लिहिता येते. पर्‍याच्या काठावर उभे राहून बाबांना ते सांगताना मात्र पाचही मुद्दे विसरायला होतात.

आमची वाडी आणि गाव यांच्यामध्ये एक पर्‍या आहे. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, जुलैत मात्र त्याच्याकडे बघवत नाही. माडाचे दोन ओंडके आडवे टाकून आम्ही ये-जा करतो. मोठा पाऊस झाला की ओंडके वाहून जातात आणि मुलांची शाळा बुडते. माझ्याही अशा कितीतरी शाळा बुडाल्या. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, तेव्हा साकवाचे वचन मिळाले. पर्‍याच्या काठावर नारळही फुटला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. खोबर्‍याचा तुकडा माझ्याही हातावर पडला होता. साकव मात्र पडला तो फक्त बोलण्यात. मे २०२४ मध्ये लोकसभेचे मतदान आले, तेव्हा वाडीने बहिष्कार टाकला. आता ग्रामपंचायतीची मुदत संपली आहे. पुन्हा निवडणूक येईल, म्हणून पुन्हा बहिष्काराची भाषा चालू आहे आणि त्यात बाबा पुढे आहेत.

बाबांचा राग मला खोटा वाटत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात जे घडले ते पाहून साध्या माणसाचे मन विटले तर त्याला दोष कसा द्यावा? २०१९ साली लोकांनी ज्यांना एकमेकांविरुद्ध मते दिली ते निकालानंतर एकत्र बसले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण चिन्ह कोणाचे याचा निकाल निवडणूक आयोगाने दिला. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मला शिरायचे नाही. पण आमच्या वाडीतल्या म्हातार्‍या माणसांनी आयुष्यभर चिन्ह बघून मत दिले. आपण मत नक्की कोणाला दिले होते, असा प्रश्न त्यांना पडला. कॉलेजच्या कट्ट्यावर आमची मित्रमंडळी हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: "उडदामाजी काळे-गोरे काय निवडायचे?"

तरीही मला बहिष्कार पटत नाही. त्याची कारणे सांगते.

पहिले कारण साध्या गणिताचे आहे. लोकसभेला लाखो मतांत आमची ६४ मते कमी झाली, ती कोणाच्या लक्षातही आली नाहीत. बहिष्काराआधी एक साहेब येऊन समजूत घालून गेले. मतदान झाल्यावर कोणी आले नाही. पण ग्रामपंचायतीच्या आमच्या प्रभागात सगळी मिळून साडेतीनशेच्या आसपास मते आहेत. तिथे ६५ मते म्हणजे निकाल फिरवण्याइतके वजन. जिथे आपल्याला कोणी मोजत नाही तिथे रुसलो तर एकवेळ चालेल. पण जिथे आपले वजन आहे तिथूनच उठून जायचे, हे कसले शहाणपण? उलट उमेदवाराला ते सोयीचेच. ज्या वाडीने मतच दिले नाही तिचे देणे तो कशाला लागेल?

एका मताने काय होते, असेही विचारतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. शेवटी चिठ्ठी काढावी लागली आणि शहा निवडून आले. त्या प्रभागात त्या दिवशी घरी बसलेल्या प्रत्येक माणसाने आपला निर्णय चिठ्ठीच्या हाती दिला, असेच म्हणावे लागेल.

दुसरे कारण आपल्याच जिल्ह्यातले आहे. लांजे तालुक्यातील खावडी या गावी सरपंचपदाच्या निवडणुकीत ४४१ वैध मते पडली. त्यांपैकी २१० मते 'नोटा'ला, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' याला गेली. सरपंच झालेल्या उमेदवाराला १३० मते होती. वरवर पाहता त्या २१० जणांचे श्रम फुकट गेले. पण ती मते मोजली गेली होती, कागदावर आली होती. राज्य निवडणूक आयोगाने अशा काही गावांच्या आकड्यांचा विचार केला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला. नगरपरिषदा, महापालिका अशा नागरी संस्थांच्या निवडणुकीत 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तर फेरनिवडणूक घ्यावी, असे त्यात ठरले. खावडीचे ते २१० जण त्या दिवशी घरीच बसले असते तर? त्यांना कोणी 'नाराज' म्हटले नसते. आळशी म्हणून सोडून दिले असते. राग आला असेल तर तो केंद्रावर जाऊन नोंदवावा, हे मी त्यांच्याकडून शिकले.

तिसरे कारण मतदान नसले की काय होते त्याचे. घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने स्थानिक संस्थांची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यावी असे सांगितले. प्रत्यक्षात रत्नागिरी नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि कारभार प्रशासकांकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्यास सांगितले, तेव्हा चक्र फिरले. नगरपरिषदेचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले. म्हणजे ज्यांना मतदान निरुपयोगी वाटते त्यांच्या मनासारखीच ही वर्षे गेली म्हणायची! त्या काळात आमच्या वाडीतली माणसे साकवासाठी एका कार्यालयात गेली, तेव्हा "सध्या सदस्य नाहीत" एवढेच उत्तर मिळाले. निवडून आलेला माणूस वाईट असला तरी तो रेशनच्या दुकानात भेटतो, लग्नाच्या मांडवात भेटतो, त्याला गाठून जाब विचारता येतो. प्रशासकाला आमच्या वाडीची वाट कोण दाखवणार?

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. मत देऊन साकव झाला का? नाही झाला. का झाला नाही, ते समजून घ्यावे म्हणून मी आजीला सोबत घेऊन ग्रामसभेला गेले. मला एकटीला जायला धीर होत नव्हता. सभेला मोजकीच माणसे होती. गावाच्या विकास आराखड्यात आमचा साकव कुठे आहे, असे मी विचारले. वही उघडली गेली, पाने चाळली गेली. साकव त्यात कुठेच नव्हता. नारळ फुटला होता, पण ठराव झाला नव्हता! आणि तो का झाला नाही? कारण पाच वर्षांत आमच्या वाडीतले एकही माणूस ग्रामसभेला आले नव्हते. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात असा कायदा आहे. आम्ही पाच वर्षांतून एकदा बटण दाबले, खोबरे खाल्ले आणि घरी जाऊन वाट पाहत बसलो. वचन देणार्‍याचा दोष मोठा आहेच, पण तो एकट्याचा नाही.

म्हणून माझे मत असे, की नुसते मतदान पुरेसे नाही आणि बहिष्कार तर त्याहूनही अपुरा आहे. मतदान ही सुरुवात आहे. त्याने आपल्याला विचारण्याचा हक्क येतो. तो वापरायचा की नाही हे पुढे आपल्या हाती. मंडणगडजवळच्या आंबडव्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागितला. तेव्हा मतदार होण्यासाठी जमीन किंवा कर भरल्याची पावती लागत असे. आमच्या पणजोबांकडे दोन्ही नव्हते. जे त्यांना मागूनही मिळाले नसते, ते मी रागाच्या भरात टाकून द्यावे काय?

परवा मी बाबांना आणखी एक गोष्ट सुचवली. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मला उभे राहायला २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतील. पण बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी शेजारची काकू का उभी राहू नये? वाडीची ६५ मते हातात आहेत. बाबा हसले. म्हणाले, "बैठकीत बोल." आमच्या वाडीच्या बैठकीत बायका मागे बसतात, बोलत नाहीत. मी बोलणार आहे. वाडी ऐकेल की नाही, सांगता येत नाही. वाडीने बहिष्कारच ठरवला, तरी माझे मत मी देणार. आणि ते वाडीच्या विरुद्ध नसेल, वाडीच्या साकवासाठीच असेल.

तोवर पावसाळ्याआधी ओंडके पुन्हा टाकावे लागतील. ते बाबा आणि मी मिळून टाकू.