सही तिची, घर कुणाचं?

दुबईत २००६ च्या कायद्यानं परदेशी माणसालाही ठरावीक भागांत घराचा मालकी हक्क मिळतो. आता आपल्याकडेही समुद्रकाठच्या टाउनहाउसची स्वप्नं पाहिली जातात. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. घर त्याहून महाग! मग उरलेले पैसे बायकोच्या नावानं जातात. “इथं सही कर गं,” एवढंच तिला सांगतात. मालकीच्या कागदावर मात्र एकट्या नवऱ्याचं नाव! मला हे मुळीच पटत नाही. तिथल्या जमीन खात्याचं ४ टक्के शुल्क भरायचंच असतं, तेव्हाच दोघांची नावं लावा ना! मैत्रिणींनो, सहीआधी विचारा, “यात माझं नाव कुठाय?” समुद्र काय, नंतरही बघता येईल.