गोष्ट सांगणाऱ्याचा पदर

मुलांना गोष्ट वाचून दाखवण्यात भांडण्यासारखं काय असतं? पण अमेरिकेत गेली काही वर्षं यावरून ग्रंथालयांच्या दारात दोन गट समोरासमोर उभे राहताहेत. कारण गोष्ट वाचणारा पुरुष बहुधा झगमगीत झगा, केसांचा उंच टोप आणि भडक रंगरंगोटी अशा बाईच्या वेशात येतो. या वेशकलेला तिथे 'ड्रॅग' म्हणतात. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मिशेल टी या लेखिकेने हा उपक्रम सुरू केला आणि तो गावोगाव पोचला.

जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लोरेन्झोच्या ग्रंथालयात 'प्राउड बॉइज' या गटाची माणसं वाचन चालू असतानाच आत घुसली. मार्च २०२३ मध्ये टेनेसी राज्याने मुलांना घातक ठरतील अशा प्रौढांच्या कार्यक्रमांवर कायदा केला, त्यात हे वेशधारी कलावंतही आले. मग प्रकरण कोर्टात गेलं.

विरोध करणारे सगळेच दंगेखोर नाहीत. ही कला रात्रीच्या क्लबात वाढली, तिथले विनोद मोठ्यांचे, तिचं मुलांत काय काम, असं आई-बाप विचारतात. काही स्त्रियांना तर यात बाईचीच थट्टा दिसते. उपक्रमवाले म्हणतात, क्लबातला खेळ वेगळा आणि सकाळचं वाचन वेगळं. मुलांना तो परीकथेतलाच वेश वाटतो, आणि जे मूल चारचौघांपेक्षा निराळं आहे, त्याला धीर येतो.

मला यातला एकच मुद्दा कळीचा वाटतो. आपल्या मुलाने काय ऐकावं हे आई-बापांनी ठरवावं, पण दुसऱ्याच्या मुलाने काय ऐकू नये हेही आपणच ठरवायचं का? पुस्तक वयाला साजेसं असावं, कार्यक्रम कसला आहे हे आधी स्पष्ट सांगावं, पालक सोबत असावेत. एवढं झालं की ज्याला नको त्याने जाऊ नये. डिसेंबर २०२२ मध्ये कर्क कॅमरन या अभिनेत्याने इंडियानापोलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात आपलं धर्मश्रद्धेवरचं बालपुस्तक वाचलं, तेव्हाही गर्दी लोटली होती. सार्वजनिक दार म्हणजे ते दोघांनाही उघडं हवं.

हा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी बालगंधर्वांचं नाव घेतंच. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त सुभद्रा भाऊराव कोल्हटकर करत. यक्षगानात स्त्रीवेष पुरुषच घेत आले आणि तो खेळ आजी-नातवंडं मांडीला मांडी लावून बघत आली. हे खरं, पण तुलना जपून करावी. बालगंधर्वांचं कसब आतला पुरुष विसरायला लावण्यात होतं. ड्रॅगमध्ये वेश मुद्दाम अतिरंजित असतो, त्यातली गंमतच ती.

आणि बालगंधर्वांचा दाखला देण्याआधी स्वतःला एक विचारावं. शालू नेसलेल्या नटाला आपण डोक्यावर घेतलं, पण यल्लम्माच्या नावाने लुगडं नेसून दारी येणाऱ्या जोगप्पाला काय दिलं? जोगवा घातला आणि पाठ फिरताच हसलो. नट रंग पुसून घरी जातो. जोगप्पाचं लुगडं हा खेळ नसतो, ते त्याचं जगणं असतं. २०२१ च्या नोव्हेंबरात मंजम्मा जोगती पद्मश्री घ्यायला गेल्या आणि त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तेव्हा घरोघरी टाळ्या वाजल्या. त्या घरांतल्या मुलांनी एरवी मोठ्यांच्या तोंडून अशा माणसांबद्दल काय ऐकलेलं असतं, हेही आठवावं.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बाईची भूमिका करणाऱ्या मुलाला शिट्ट्या मिळतात. पुढे वर्षभर त्याला त्याच नावाने हाक मारतात. एखादा ती हसत हसत झेलतो. एखादा कॉलेजला यायचाच थांबतो. ती थट्टा मुलं कॉलेजात शिकून येत नाहीत, ती घरूनच आणतात.

आपल्या दुभाषी घरांत यावर एक सोपा तोडगा आहे. अनोळखी माणसाकडे बघून मूल विचारतं, 'हे काका आहेत की काकू?' मराठीत आदराने बोलायचं तरी 'ते' की 'त्या' हे ठरवावं लागतं. कन्नडात 'अवरु' म्हटलं की पुरतं. त्यात बाई-पुरुष कळत नाही, मान तेवढा कळतो. त्या माणसाने स्वतःहून आपली ओळख सांगेपर्यंत मुलाला तेवढं उत्तर द्यावं, आणि गोष्ट पुढे ऐकू द्यावी.